घरी बसून ख्रिस्ती विद्यापीठात शिकायचंय? मग फॉर्म असा भरा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपली की बाहेर चहा घेताना हल्ली कोणीतरी हमखास मोबाईल पुढे करतं, ताई हे बघा ना, घरबसल्या बायबलची डिग्री मिळते म्हणे, खरं आहे का, भरू का फॉर्म. मी स्वतः डिस्टन्सने शिकतेय, माझ्याआधी नणंदेचा आणि नंतर धाकट्या दिराचा आणि मंडळीतल्या आणखी तिघांचा फॉर्म सोबत बसून भरलाय, त्यामुळे गाडी कुठे अडकते ते बऱ्यापैकी कळलंय. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. मी इंदूरची आहे त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील, पण भोपाळ-उज्जैन-देवासवाल्यांनाही तेच लागू आहे.

पहिली गोष्ट, फॉर्म उघडायच्या आधी एका कागदावर एक ओळ लिहा की मला ही डिग्री कशासाठी पाहिजे. हे काम लोक टाळतात आणि नंतर सगळा घोळ इथूनच होतो. कारण मान्यता आहे का हा प्रश्न सगळे विचारतात, पण कोणाची मान्यता ते कोणी विचारत नाही. तुम्हाला संडे स्कूल चांगलं शिकवायचंय, पवित्र शास्त्र खोलवर समजून घ्यायचंय, महिला मंडळात वचन सांगायचंय, तर तुम्हाला चांगला अभ्यासक्रम आणि चांगला शिकवणारा पाहिजे, सरकारचा शिक्का असला नसला तरी चालतं. पाळक व्हायचंय, म्हणजे दीक्षा घ्यायचीय, तर तुमची मंडळी किंवा डायोसीस, म्हणजे बिशपच्या हाताखालचा विभाग, कोणती डिग्री मानते तेवढंच महत्त्वाचं, आणि बऱ्याच मंडळ्यांना त्यासाठी कॉलेजात राहून शिकलेला माणूस लागतो, डिस्टन्सवाला नाही. आणि शाळेत नोकरी, बढती, पुढे कुठल्या युनिव्हर्सिटीत एमए-पीएचडी असं काही डोक्यात असेल तर मात्र यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता लागणारच, तिथे कितीही नावाजलेली सेमिनरी, म्हणजे पाळक तयार करणारं कॉलेज, असली तरी नुसत्या नावाने काम होत नाही. माझ्या दिराने पहिल्यांदा लिहिलं होतं, तिन्हीसाठी. मी म्हटलं असं होत नाही, एक निवड. तो दोन आठवडे विचार करत बसला आणि मग म्हणाला वहिनी, मला दीक्षाच घ्यायचीय. मग त्याचा डिस्टन्सचा फॉर्म आम्ही बाजूला ठेवला आणि आधी पाळकसाहेबांकडे आणि मग डायोसीसमध्ये जाऊन बोललो. आपल्या राज्यातच जबलपूरला लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, सेरामपूरशी संलग्न (त्याचं खाली सांगते), दीक्षेचा विचार असणाऱ्याने आधी तिथली चौकशी करावी असं मला वाटतं.

इथे एक सांगते, बरेच जण आधी आपल्या इंदूर क्रिश्चियन कॉलेजात विचारायला जातात. कॉलेज जुनं आहे, १८८७ सालचं, कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनने काढलेलं, पण तिथे बीए-बीकॉम-बीएससी असलं नेहमीचं शिक्षण आहे, नाव क्रिश्चियन म्हणून थिऑलॉजीचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा, फॉर्म तिथे मिळत नाही. फुकट चक्कर होते.

आता कुठे कुठे शिकता येतं. भारतातलं खूप जुनं आणि माझ्या मनाला सगळ्यात जवळचं म्हणजे सेरामपूर, बंगालमधलं श्रीरामपूर. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली कॉलेज काढलं, तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने, सहाव्या फ्रेडरिकने, त्यांना डिग्री द्यायची सनद दिली. पुढे १९१८ मध्ये बंगाल सरकारने सेरामपूर कॉलेज कायदा केला आणि त्यातून सिनेट, म्हणजे परीक्षा घेऊन डिग्री देणारं मंडळ, उभं राहिलं, आज देशभरातल्या कितीतरी सेमिनऱ्या त्याच सिनेटच्या परीक्षा देतात. आणि आपल्या मराठी माणसाला हे माहीत असावं की या कॅरीसाहेबांनीच १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आणला आणि १८११ मध्ये सेरामपूरच्याच छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. त्यांच्यासोबत वैजनाथ नावाचे पंडित होते. मी फॉर्म भरताना हे वाचलं आणि खरंच डोळे भरून आले, कारण ज्या दारात मी आत जायला उभी होते तिथे माझी भाषा दोनशे वर्षं आधीच पोचली होती.

तर सेरामपूरच्या सिनेटचं घरी बसून शिकणाऱ्यांसाठीचं काम कोलकात्याहून सेप्टर नावाचा विभाग बघतो. पाळक नसलेल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या सामान्य माणसासाठी तिथे डिप्लोमा इन ख्रिश्चन स्टडीज, बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज आणि मास्टर ऑफ ख्रिश्चन स्टडीज असे कोर्स आहेत, लोक बीसीएस-एमसीएस म्हणतात. कोणत्या कोर्सला किती शिक्षण लागतं ते त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्येच बघा, कोणी चार वर्षांपूर्वी भरला होता त्याचं ऐकून भरू नका.

दुसरं टॅफ्टी, बंगळूरची घरबसल्या बायबल शिकवणारी संस्था, १९७१ पासून चालू आहे. यांची पद्धत मला फार आवडते, घरी पुस्तक वाचायचं, त्यातले प्रश्न सोडवायचे आणि मग ठरलेल्या दिवशी आपल्याच गावातल्या चार-सहा जणांच्या गटात एका ट्यूटरसोबत बसून चर्चा करायची. ही कल्पना मुळात १९६३ च्या सुमारास ग्वाटेमालात सुरू झाली, खेड्यातले पाळक सेमिनरीपर्यंत येऊ शकत नव्हते म्हणून सेमिनरीच त्यांच्याकडे न्यायची. एकट्याने अभ्यास होत नाही असं ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनी याचाच विचार करावा, आणि आपल्या शहरात गट चालू आहे का ते आधी विचारून घ्यावं, नसेल तर स्वतः चार जण जमवायची तयारी ठेवावी.

परदेशातलंही लोक विचारतात. अमेरिकेत मिझुरी राज्यात स्प्रिंगफील्डला ग्लोबल युनिव्हर्सिटी आहे, असेंब्लीज ऑफ गॉड या ख्रिस्ती पंथाची, तिचं सगळं कामच दूरशिक्षणाचं. व्हर्जिनियात लिंचबर्गला लिबर्टी युनिव्हर्सिटी आहे, १९७१ ची, तिचा ऑनलाइन पसारा प्रचंड आहे. दक्षिण आफ्रिकेत साउथ आफ्रिकन थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, १९९६ पासून, तीही पूर्ण डिस्टन्सवाली. या तिन्हींना आपापल्या देशातली खरी मान्यता आहे. पण फी डॉलरमध्ये किंवा रँडमध्ये, सगळा अभ्यास इंग्रजीत, आणि भारतात सरकारी कामासाठी परदेशी डिस्टन्स डिग्री चालेलच असं अजिबात धरून चालू नका, तुमचा हेतू तो असेल तर पैसे भरायच्या आधी जिथे डिग्री दाखवायचीय तिथून लेखी उत्तर घ्या.

आता मान्यता कशी तपासायची ते, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण आमच्याच घरातला माणूस यात फसलाय. माझ्या मामेभावाला एका संस्थेने सहा महिन्यांत डॉक्टरेट देतो म्हणून सांगितलं, प्रवेश परीक्षा नाही, प्रबंध नाही, सेवेचा अनुभव हाच अभ्यास. त्याने मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे भरले. एका हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन-टोपी घालून फोटो काढला, घरी मोठी फ्रेम लावली. वर्षभराने एका सेमिनरीत शिकवायला अर्ज केला तेव्हा तिथल्यांनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं की भाऊ, हे कागद आम्ही धरू शकत नाही. तो माणूस तीस वर्षं प्रामाणिकपणे सेवा करतोय, त्याला त्या टोपीची गरजच नव्हती, आणि तरी त्याला वाटलं की गरज आहे, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सांगते, पीएचडीचं तर यूजीसीच्या नियमात डिस्टन्स किंवा ऑनलाइन चालतच नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

भारतातल्या संस्थेसाठी बघायचं ते असं. यूजीसी कायदा १९५६ चा, त्याच्या कलम २२ प्रमाणे डिग्री देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने बनलेल्या विद्यापीठाला, डीम्ड म्हणजे अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. ट्रस्ट रजिस्टर आहे, सोसायटी रजिस्टर आहे, आयएसओ सर्टिफिकेट आहे, यातलं काहीही विद्यापीठ असल्याचा पुरावा नाही, ट्रस्ट तर आमच्या कॉलनीतल्या वाचनालयाचाही आहे. यूजीसी स्वतः बनावट विद्यापीठांची यादी काढते, ती त्यांच्या साइटवर कोणालाही दिसते, आणि त्या यादीत विशाखापट्टणमची बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया आणि गुंटूरची क्राइस्ट न्यू टेस्टामेंट डीम्ड युनिव्हर्सिटी अशी नावं आहेत. नावात बायबल आहे, क्राइस्ट आहे, म्हणून आपला माणूस चटकन विश्वास टाकतो, तेवढ्यासाठी ही यादी एकदा वाचाच. पण हेही लक्षात ठेवा की यादीत नाव नाही म्हणजे संस्था खरी असं होत नाही, खऱ्यांची यादी वेगळी असते. डिस्टन्ससाठी यूजीसीचा डेब म्हणजे दूरशिक्षण ब्युरो दर सत्राला कोणत्या विद्यापीठाला कोणता कोर्स चालवायची परवानगी आहे ते जाहीर करतो, त्यात विद्यापीठाचं नाव आणि तुमच्या कोर्सचं नाव दोन्ही असलं पाहिजे.

अमेरिकेतल्या संस्थेसाठी वेगळा चष्मा लावावा लागतो. तिकडे मान्यता सरकार थेट देत नाही, अ‍ॅक्रेडिटेशन देणाऱ्या संस्था असतात आणि त्या संस्थांना तिथलं शिक्षण खातं आणि चिया (CHEA) नावाची परिषद मान्यता देते. म्हणून कॉलेज म्हणालं आम्ही अ‍ॅक्रेडिटेड आहोत की पुढचा प्रश्न, कोणाकडून. लिबर्टीचं एसएसीएससीओसीकडून आहे, ग्लोबलचं हायर लर्निंग कमिशनकडून. ख्रिस्ती कॉलेजांसाठी ट्रॅक्स, एबीएचई, एटीएस, आणि दूरशिक्षणासाठी डीईएसी या खऱ्या संस्था. यांच्याशी मिळतीजुळती भारदस्त नावं घेऊन खोट्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थाही निघतात, म्हणून चियाच्या किंवा अमेरिकन शिक्षण खात्याच्या साइटवर कॉलेजचं नाव स्वतः टाइप करून शोधायचं, त्यांनी पाठवलेल्या लिंकवर जायचं नाही. आणखी एक बारीक गोष्ट आहे, फ्लोरिडासारख्या काही राज्यांत धार्मिक कॉलेजांना लायसन्सच्या नियमातून सूट आहे, म्हणजे त्यांना धार्मिक डिग्र्या देता येतात. ते बेकायदा नाही. पण ब्रोशरवर त्याचंच राज्य सरकारची मंजुरी असं लिहिलेलं दिसतं, आणि सूट आणि मंजुरी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे सगळं झालं आणि संस्था पक्की झाली की कागद. यूजीसीखालच्या विद्यापीठात डिस्टन्सला जाणार असाल तर २०२४ च्या सप्टेंबर सत्रापासून डेब आयडी लागतो. आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक क्रेडिट खात्याचा नंबर, काढायचा, तो बारा आकडी असतो, मग यूजीसीच्या डेब पोर्टलवर तो टाकून डेब आयडी. हे स्वतःच्या मोबाईलवरून स्वतः करा, एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात केलंत तर निदान मोबाईल नंबर स्वतःचा द्या, आमच्या मंडळीतल्या एका काकूंचा नंबर दुकानदाराने घाईत स्वतःचाच टाकला आणि मग प्रत्येक ओटीपीला काकू दुकानात. कॉलेजात रेग्युलर शिकणाऱ्या मुलामुलींनी विचारलं तर सांगते, २०२२ पासून यूजीसीने एक डिग्री रेग्युलर आणि एक डिस्टन्स अशा दोन बरोबर करायला परवानगी दिलीय. सेरामपूर-टॅफ्टीसाठी डेब आयडीची भानगड नाही, त्यांचा आपला वेगळा फॉर्म.

बाकी कागद सगळीकडे साधारण तेच, दहावी-बारावीच्या मार्कशीट, डिग्री, आधार, फोटो, बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीचं सभासदत्वाचं पत्र, पाळकांचं शिफारसपत्र, स्वतःची साक्ष. आणि आपल्या इकडच्या मराठी माणसाचं घोडं अडतं ते नावावर. बघा ना, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये जुन्या पाळकांनी मराठीत साळवे लिहिलंय, शाळेत हिंदीत ळ नाही म्हणून सालवे झालं. इंग्रजीत गायकवाडचं कुठे डी तर कुठे आर. आपण नावात वडलांचं नाव मध्ये लिहितो, एमपी बोर्डाच्या मार्कशीटवर वडलांचं नाव खाली वेगळ्या ओळीत असतं, आधारवर लग्नानंतर नवऱ्याचं नाव मध्ये आलं, आणि पासपोर्टवर यातलं आणखी तिसरंच. माझ्या नणंदेची पाच कागदांवर चार नावं निघाली होती. तर करायचं असं, एक वही घ्या, सगळ्या कागदांवरची नावं आणि जन्मतारखा जशाच्या तशा एकाखाली एक लिहा, कानामात्रेसकट. दहावीच्या मार्कशीटवरचं इंग्रजी स्पेलिंग मूळ धरा आणि फॉर्ममध्ये तेच टाका, यूजीसीवाल्यांनी मात्र आधार आणि दहावी आधी एकसारखं करून घ्या कारण डिजिलॉकर आधारवरचंच नाव उचलतो. बाकीच्या फरकासाठी कोर्टाजवळ नोटरीकडून शपथपत्र करून घ्या की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत, त्यात प्रत्येक कागदावरचं नाव वेगवेगळं टाइप करायला सांगा, नुसतं नावात किरकोळ फरक आहे असं मोघम नको. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी लग्नाचा दाखला सोबत लावा.

तारखाही तपासा. आमच्या सासूबाईंच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जन्मतारखेच्या जागी बाप्तिस्म्याची तारीख चढलेली होती, ते पन्नास वर्षं कोणाच्या लक्षात नव्हतं.

ज्यांची डिग्री जुनी आहे त्यांच्यासाठी, आपलं विद्यापीठ १९६४ मध्ये सुरू झालं तेव्हा नाव इंदूर विद्यापीठ होतं, देवी अहिल्या हे नाव १९८८ मध्ये आलं. तर डिग्रीवर जुनं नाव आणि फॉर्मच्या लिस्टमध्ये फक्त नवं नाव असं होतं. अशा वेळी लिस्टमधलं नवं नाव निवडा आणि जिथे शेरा लिहायची जागा असेल तिथे एका ओळीत लिहा की त्या वर्षी विद्यापीठाचं नाव हे होतं. परदेशी संस्थेला नुसती मार्कशीट पुरत नाही, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठानेच दिलेला सगळ्या विषयांच्या गुणांचा उतारा, लागतो, त्यासाठी आरएनटी मार्गावरच्या विद्यापीठाच्या ऑफिसात अर्ज करावा लागतो, शेवटच्या तारखेच्या निदान दोन महिने आधी सुरुवात करा.

आता साक्ष. फॉर्ममध्ये त्याला कुठे टेस्टिमनी म्हणतात, कुठे स्टेटमेंट ऑफ फेथ किंवा स्टेटमेंट ऑफ पर्पज, तिन्ही एक नाहीत हां. टेस्टिमनी म्हणजे तुमचा स्वतःचा श्रद्धेचा अनुभव, स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणजे तुम्हाला कशासाठी शिकायचंय, आणि स्टेटमेंट ऑफ फेथ म्हणजे तुमची श्रद्धा काय आहे, तिथे बऱ्याचदा संस्थेचंच विधान दिलेलं असतं आणि तुम्हाला ते मान्य आहे का विचारतात. ते नीट वाचा आणि मनापासून पटत असेल तरच सही करा, काही पंथांचं बाप्तिस्म्याबद्दल, पवित्र आत्म्याच्या दानांबद्दल, स्त्रियांनी उपदेश करण्याबद्दल वेगळं मत असतं आणि तीन वर्षं त्याच घरात शिकायचंय. सही करून आत गेल्यावर भांडण्यापेक्षा आधी पत्र लिहून विचारणं बरं, मी विचारलं होतं आणि मला सविस्तर, आदराने उत्तर आलं.

टेस्टिमनीत मात्र सगळे तेच लिहितात. मी ख्रिस्ती घरात जन्मले, लहानपणापासून संडे स्कूलला जात होते, प्रभूने मला खूप आशीर्वाद दिले, मला त्याची सेवा करायचीय. खोटं काहीच नाही यात, पण हे आपल्या सगळ्यांचंच आहे, वाचणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. नणंदेने पहिला मसुदा असाच आणला. मी तिला म्हटलं, २०२१ मध्ये बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू काय करत होतीस ते लिही. ती म्हणाली ते कशाला वहिनी. मी म्हटलं लिही तर खरं. मग तिने लिहिलं की आत जाऊ देत नव्हते म्हणून ती रस्त्यावर उभी राहून नर्सताईंच्या फोनवर बाबांना रोज संध्याकाळी स्तोत्र १२१ मराठीत वाचून दाखवायची, नवव्या दिवशी बाबा गेले, आणि त्यानंतर कित्येक महिने तिला ते स्तोत्र उघडता आलं नाही कारण त्यात लिहिलंय की परमेश्वर तुझं रक्षण करील आणि तिच्या डोळ्यांसमोर तसं झालं नव्हतं. हळूहळू ती पुन्हा वाचायला लागली, पण मंडळीतल्या बायका दुःखात तिच्याकडे येतात तेव्हा त्यांना काय सांगायचं ते तिला कळत नाही, आणि म्हणून तिला शिकायचंय. एवढंच. दीड पान. त्यात कुठे मोठे शब्द नाहीत, पण तिला कोणता प्रश्न घेऊन आत यायचंय ते वाचणाऱ्याला लख्ख दिसतं. तर तुमच्याही साक्षीत तुमचा प्रश्न येऊ द्या. आधी मराठीत लिहा, मराठीतच रडा हसा काय ते करा, आणि मग सोप्या इंग्रजीत उतरवा, छोटी छोटी वाक्यं. दुसऱ्याकडून किंवा मोबाईलकडून झकपक इंग्रजी लिहून घेऊ नका, पुढे पहिल्याच असाइनमेंटला तुमचं खरं इंग्रजी त्यांना दिसणारच आहे.

शिफारसपत्रासाठी पाळकसाहेबांना रविवारी गडबडीत गाठू नका. आधी फोन करून वेळ घ्या, सोबत एका कागदावर लिहून न्या की कोणता कोर्स, कोणाच्या नावाने पत्र, शेवटची तारीख कोणती, आणि तुम्ही मंडळीत कधीपासून काय काय करताय. त्यांना शंभर कुटुंबं सांभाळायची असतात, सगळं त्यांना आठवेलच असं नाही. दुसरं पत्र बहुतेक ठिकाणी शिक्षकाचं किंवा नोकरीतल्या वरिष्ठाचं मागतात, नातेवाइकाचं चालत नाही. पाळकच तुमचे मामा-काका असतील, आणि आपल्या छोट्या समाजात ते होतंच, तर दुसऱ्या मंडळीच्या पाळकांना विचारा. बऱ्याच परदेशी संस्था पत्राची लिंक थेट पाळकांच्या ईमेलवर पाठवतात, ती स्पॅममध्ये जाते, तेव्हा चार दिवसांनी आठवण करा.

इंग्रजीचं म्हणाल तर परदेशी संस्था टोफेल किंवा आयईएल्ट्ससारख्या परीक्षेचा स्कोअर मागू शकतात, पण तुमची डिग्री इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर काही ठिकाणी कॉलेजच्या पत्रावर भागतं, म्हणून परीक्षेचे पैसे भरायच्या आधी ईमेल करून विचारा. इंग्रजीची भीती असेल तर मराठीत किंवा हिंदीत उत्तर लिहिता येईल का हेही विचारायला लाजू नका, हा प्रश्न विचारल्याने प्रवेश जात नाही.

फीबद्दल थोडक्यात. भारतात डीडी मागितला तर डीडीच्या मागे पेन्सिलने नाव, कोर्स आणि मोबाईल नंबर लिहा आणि झेरॉक्स ठेवा. ऑनलाइन भरायची असेल तर संस्थेच्या नावाच्या खात्यातच, कोणा व्यक्तीच्या खात्यात किंवा यूपीआय नंबरवर एक रुपयाही नाही, मग ती व्यक्ती कितीही मोठी सेवक का असेना. परदेशी फी कार्डने भरली तर बँक वर रूपांतराचा चार्ज लावते तो आधी विचारून घ्या. पहिल्यांदा फक्त अर्जाची फी आणि एकाच विषयाची फी भरा, सगळ्या कोर्सची एकदम भरली तर सूट देतो असं म्हणाले तरी. आणि स्कॉलरशिप मागा, गरजू विद्यार्थ्यांसाठी मदत असते पण मागितल्याशिवाय मिळत नाही, त्यासाठी घरच्या उत्पन्नाचा खरा आकडा लिहा.

कागदी फॉर्म असेल तर स्पीड पोस्टनेच पाठवा, पावती फॉर्मच्या झेरॉक्ससोबत एकाच फाइलमध्ये टाचून ठेवा, मूळ कागद पाठवायचे नाहीत, फक्त साक्षांकित प्रती. तीन आठवडे काही कळलं नाही तर एक फोन करा, सकाळी अकराच्या सुमाराला, आणि ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव तारखेसकट त्याच फाइलवर लिहा.

आणि परीक्षेचं आत्ताच विचारून ठेवा, फॉर्म भरतानाच. केंद्र कुठे असतं, इंदूर नसेल तर जवळचं कोणतं, की घरी बसून एखाद्या प्रॉक्टरसमोर, म्हणजे देखरेख करणाऱ्या माणसासमोर, पेपर द्यायचा असतो. प्रॉक्टर असेल तर तो नातेवाईक नसलेला, त्यांना मंजूर असलेला माणूस लागतो. माझ्यासाठी आमच्या शाळेच्या निवृत्त हेडबाई बसतात, दर पेपरला तीन तास, एक पैसा न घेता, समोर विणकाम घेऊन.

रोल नंबर आला की त्याच दिवशी पहिल्या असाइनमेंटची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी, आणि अभ्यासाची वेळही त्यांच्यासमोरच ठरवा. माझी पहाटे पाच ते साडेसहा आहे. तेवढा वेळ चहा नवरा करतो.